घरच्या इंटरनेटवरून माझेच संकेतस्थळ उघडेना

गेल्या आठवड्यात वडोदऱ्यात, दांडिया बाजारातील आमच्या घरच्या ब्रॉडबँडवरून माझे संकेतस्थळ उघडेनासे झाले. मोबाइल डेटावर मात्र ते क्षणात उघडत होते, म्हणजे सर्व्हर चालू होता. सवयीने मी आधी इंटरनेट कंपनीला दोष दिला आणि राउटरमधील डीएनएस (नावावरून संकेतस्थळाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील क्रमांक, शोधून देणारी सेवा) बदलून १.१.१.१ केला, पण दोन्ही जोडण्यांवर संकेतस्थळाचा आयपी पत्ता सारखाच मिळत असल्याने तो खटाटोप व्यर्थच होता.

शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हरवर शिरलो, तेव्हा वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्यांना अडवणाऱ्या ‘फेल टू बॅन’च्या यादीत आमच्याच घरचा आयपी पत्ता दिसला. हा प्रोग्रॅम मूळ मांडणीत १० मिनिटांत ५ चुकीचे प्रयत्न झाले की तो पत्ता १० मिनिटे अडवतो. मी मात्र अतिउत्साहात ती मुदत आठवड्याची केली होती आणि बंदी मेलपुरती न ठेवता सर्वच पोर्टांवर, म्हणजे संकेतस्थळासकट सर्व्हरवरच्या सर्व सेवांवर, लावली होती. गुन्हेगार निघाला आईचा जुना टॅबलेट, जो बैठकीत चार्जिंगला लावलेला असताना मेलचा जुनाच पासवर्ड दर मिनिटाला पाठवत होता. आईचे म्हणणे एवढेच, की पासवर्ड बदलताना तिला कोणी सांगितले नव्हते, आणि ते खरेच होते.

टॅबलेटमध्ये नवा पासवर्ड भरून मी बंदी उठवली. घरचा पत्ता कायमचा सवलतीच्या यादीत घालण्याचा मोह टाळला, कारण राउटर बंद करून चालू केला की तो बदलतो.