एक टक्का निळाई

मे सरत आला की श्रीवर्धन-दिवेआगरपासून गुहागरपर्यंत पोफळीच्या वाड्यांत निळी पिंपं दिसायला लागतात. पाऊस लागला की कोळेरोग येणार आणि कोवळ्या सुपाऱ्यांचा झाडाखाली सडा पडणार, म्हणून त्याआधीच घोसांवर बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचा थर बसायला हवा. प्रमाण सगळ्यांना पाठ असतं: १ किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. झालं १ टक्का. इतका सोपा हिशेब, तरी पिंपात अर्धाच टक्का निघू शकतो.

मोरचुदाचं पाणी एका पिंपात आणि चुन्याचं दुसऱ्यात, इथवर ठीक. पण दोन्हीकडे १००-१०० लिटर पाणी ओतलं की गणित फसलं. मोरचूद तेवढाच, पाणी मात्र दुप्पट. १०० लिटर हे शेवटी एकत्र होणारं पाणी, म्हणून वाटणी ५०-५० ची. दोन्ही दाट कालवून एकत्र करू आणि मागाहून पाणी वाढवू, हेही चालत नाही. साका जाड धरतो, नोझल तुंबतं आणि फळावर थर नीट चिकटत नाही. खरं तर हे द्रावण नव्हेच, पाण्यात तरंगणारा बारीक निळा साका आहे. त्यामुळे टक्क्याइतकंच महत्त्व कण किती बारीक याला.

मोरचुदाचे खडे तळाशी टाकले तर तिथेच बसून राहतात. भोवतीचं पाणी जड होतं, तळाला थर धरतं आणि पुढचं विरघळणं मंदावतं. फडक्यात पुरचुंडी बांधून पाण्यात जेमतेम बुडेल अशी रात्रभर टांगावी, जड पाणी आपण होऊन खाली उतरतं. पिंप प्लॅस्टिकचं हवं. लोखंडी बादलीत तांबं बादलीवर बसतं आणि लोखंड पाण्यात उतरतं, म्हणजे फवारायचं औषध भांड्यालाच गेलं.

हाच गुण तपासणीला कामी येतो. चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी काठीने ढवळत ओतावं, मग घासून लख्ख केलेलं कोयतीचं पातं त्यात मिनिटभर धरावं. पात्यावर तांबूस पुट आलं तर चुना कमी पडला. चुन्याची निवळी घालत जावी, पुट यायचं थांबेपर्यंत. चुना कमी असताना तसंच फवारलं तर कोवळी फळं करपतात. कागदावर मांडलं तर किलोभर मोरचुदाला ताजा, अस्सल कळीचा चुना पाव किलोसुद्धा लागत नाही. पण कोकणातल्या दमट हवेत उघडं पोतं महिनाभर राहिलं की त्यातल्या बऱ्याच चुन्याची खडूसारखी माती झालेली असते, आणि तराजूला ते कळत नाही.

मोरचुदाच्या निळ्या खड्यातही वजनाचा ३६ टक्के भाग नुसतं पाणी असतो. किलोभर खड्यात तांबं भरतं सुमारे २५४ ग्रॅम, म्हणजे '१ टक्का' बोर्डोत तांबं पाव टक्काच. १८८५ साली फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी द्राक्षासाठी हे मिश्रण जाहीर केलं, तेव्हाची कृती आजच्या कितीतरी पट दाट होती. मूळ कल्पना तर रस्त्याकडेच्या द्राक्षांना चोरांपासून वाचवायला फासलेल्या निळ्या रंगातून आली. आपल्याकडे त्यासाठी कुंपणाला काटेरी फांद्या लावतात.

भाताच्या बियाण्याला मिठाचं पाणी करतात तिथेही टक्क्याची हीच गंमत: १० लिटरला ३०० ग्रॅम, ३ टक्के. हलकं, पोचट बी वर येतं, ते काढून टाकायचं; तळाचं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. काहीजण अंडं तरंगेपर्यंत मीठ घाला म्हणतात. ३ टक्क्यांत ताजं अंडं बुडतंच. ते वर यायला मीठ दहा टक्क्यांच्या आसपास न्यावं लागतं, आणि इतक्या दाट पाण्यात थोडं बरं बीही तरंगून जाऊ शकतं. समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्क्यांचं, म्हणजे जवळपास तयारच. खाडीचं मात्र आत जावं तसं पातळ होत जातं. जूनमधलं पाझरणारं जाडं मीठ मोजताना थोडं जास्तच घ्यावं.

बोर्डो त्याच दिवशी संपवायचा. उरलेला दुसऱ्या दिवशी ढवळून वापरला तर टक्का तोच राहतो, पण कण मोठे होतात आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर धुऊन जातात. १६ लिटरच्या पंपापुरताच हवा असेल तर मोरचूद १६० ग्रॅम, चुना १६० ग्रॅम, पाणी ८-८ लिटर.