आईचं 'येतो'
२००२ साली मी खानापूरहून बसनं बेळगावला जायचो, टिळकवाडीतल्या एका कॅफेत तासभर नेट वापरायला. मराठी पान उघडलं की अक्षरांऐवजी चौकोन! प्रत्येक साइटचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेईपर्यंत अर्धा तास संपलेला. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी ठरवून दिलेल्या सामाईक क्रमांकांत, देवनागरी १९९१ पासून होती, पण आमच्या पडद्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली. पहिलं मराठी पान नीट दिसलं, तेव्हा शेजारच्या अनोळखी पोराला हाताला धरून मी ते दाखवलं होतं.

आता आई टाइप करत नाही, बोलते. काल थोरल्या मावशीला निरोप देत होती, "अक्का, उद्या सकाळच्या बसनं येतो गं, भाकऱ्या घिऊन येतो." फोननं लिहिलं, 'येते'. आमच्याकडं बायकाही 'येतो'च म्हणतात. कानडीतही 'बर्तीनि' बाईचं आणि बाप्याचं एकच. आईनं तीनदा म्हटलं, तीनदा तेच. शेवटी मी हातानं बदललं.

यापुढचं नेट बोलण्यावरच चालणार, असं मला वाटतं. मग त्याला नुसती पुण्याची मराठी येऊन कसं भागेल? गेल्या महिन्यापासून आईच्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवतोय, तिच्या 'येतो'सकट. आज सुगीची झाली, उद्या मलप्रभेच्या पुराची सांगणार आहे.