ईदेआधीचा पगार

व्हिजिटिंग कार्डावर चार्टर्ड अकाउंटंट असं छापलेलं असलं तरी काबूलमध्ये मी पोट भरलं ते अंगठ्यांवर.

अफगाण सरकारची स्वतःची कमाई इतकी तुटपुंजी, की शिक्षकांचे, कारकुनांचे पगारसुद्धा परक्यांच्या पैशातून व्हायचे. त्यासाठी देणगीदार देशांनी २००२ मध्ये एक विश्वस्त निधी काढला होता आणि तो जागतिक बँक सांभाळायची. सरकारने आधी पगार वाटायचे, कागद दाखवायचे, मग निधीतून भरपाई. कागद खरे की खोटे हे बघायला बाहेरची ऑडिट कंपनी नेमलेली, आणि तिच्याकडे मी नोकरीला. टीममध्ये बहुतेक भारतीय आणि पाकिस्तानी पोरं. राबायचं आम्ही, अहवालावर सही मात्र दुबईत बसून फोनवर काबूल चालवणाऱ्या साहेबांची.

तपासायचं ते एम-४१ नावाचं पगारपत्रक. नाव, वडिलांचं नाव, हजेरी, रक्कम आणि शेवटी अंगठा. वर्ष त्यांच्या सौर पंचांगाचं, मार्चच्या २१ तारखेला सुरू होणारं. २०१० साल तिथे १३८९ होतं. नवा आलेला पोरगा सुरुवातीला नुसते महिने जुळवण्यातच घाईला यायचा.

खोटं पत्रक ओळखायची माझी एक रीत होती आणि तिचा मला अजून अभिमान आहे. कागद खिडकीशी तिरपा धरायचा आणि ठशाच्या रेषा न बघता आधी शाई बघायची. खरोखरची वीस माणसं रांगेने येऊन अंगठा उठवतात तेव्हा प्रत्येक जण पॅडवर आपापल्या जोराने दाबतो. एक ठसा गडद, दुसरा फिका, तिसरा फरकटलेला, एखादा चौकटीबाहेर. एकच माणूस सगळ्यांचे अंगठे उठवत असेल, तर पहिला ठसा काळाभोर, पुढचे ओळीओळीने फिके पडत जातात, आणि सात-आठ ओळींनंतर शाई संपली की पुन्हा काळाभोर. शिवाय सगळे एकाच कोनात. भिंग नंतर, खात्रीपुरतं. जरा हुशार असतात ते दोन्ही हातांची बोटं आलटून पालटून वापरतात. करंगळी मापावरून सापडते. ऑफिसातल्या आमच्या एमबीएवाल्या मंडळींनी याच कामासाठी एक सॉफ्टवेअर मागवलं होतं. ते कधी चाललं नाही.

आता मोतमद. प्रांताच्या खजिन्यातून रोकड उचलून जिल्ह्यात नेणारा आणि वाटणारा माणूस. पगार पाच-सहा हजार अफगाणी. त्यातून गाडीभाडं, नाक्यावरच्या बंदूकवाल्यांचं, आणि स्वतःचं असं करून तो माणशी थोडं कापून घ्यायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून देणगीदारांनी धोशा लावला की पगार बँकेतून द्या. मुद्दा चुकीचा नव्हता. २००९ मध्ये वर्दक प्रांतात काही पोलिसांना मोबाइलवरून पूर्ण पगार मिळाला, तेव्हा त्यांना पगारवाढच झाली असं वाटलं होतं!

बँक कोणती, तर मुख्यतः काबूल बँक. शेरखान फर्नूद नावाच्या हवालावाल्याने २००४ मध्ये काढलेली. हा गृहस्थ पोकरचा जागतिक दर्जाचा खेळाडू, २००८ मध्ये लंडनला मोठी स्पर्धा जिंकलेला. बँकेत खातं उघडलं की सोडतीत घर, गाडी लागायची. ठेवीदार त्यासाठीच यायचे. भागधारकांत राष्ट्राध्यक्ष करझाईंचे भाऊ महमूद आणि उपराष्ट्राध्यक्ष फहीम यांचे भाऊ हसीन. आमच्या चेकलिस्टमध्ये मात्र रोख पगाराला ‘जास्त धोका’ आणि काबूल बँकेतून गेलेल्याला ‘कमी धोका’.

२०१० च्या उन्हाळ्यात अमेरिका आणि करझाई यांचं इतकं फाटलेलं होतं, की त्याची झळ आमच्या टेबलापर्यंत यायची. २० जुलैला काबूल परिषदेत परक्यांनी कबूल केलं, की दोन वर्षांत निम्मी मदत सरकारी बजेटमधून देऊ. करझाईंचं म्हणणं होतं की बहुतेक पैसा सरकारला टाळून ठेकेदारांकडे जातो, मग भ्रष्टाचार आमचा कसा. यात तथ्य होतं, आणि ते उच्चारायला तेवढाच माणूस शोभत नव्हता, हेही खरं. परिषदेनंतर आठवडाही झाला नव्हता, तोच अमेरिकेने उभ्या केलेल्या तपास पथकाने करझाईंचे सल्लागार सालेही यांना लाचेच्या आरोपावरून पकडलं. करझाईंनी काही तासांत सोडवलं. ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेच्याच पेपरात आलं, की सालेही सीआयएच्या पैशांवर आहेत.

मी ज्या मंत्रालयात बसायचो तिथले हिशेब खात्याचे प्रमुख, मुदीर साहेब, पेशावरला निर्वासित म्हणून राहिलेले, त्यामुळे उर्दू झकास. ते म्हणाले होते, “बिरादर, एक अमेरिका पगार देते, दुसरी पकडते. आम्ही कुठल्या अमेरिकेचा हुकूम मानायचा?”

सप्टेंबरचा पहिला आठवडा उजाडला. रमजान संपत आलेला, ईद १० तारखेला. आणि फर्नूद व बँकेचे मुख्याधिकारी फिरोझी यांना बाजूला केल्याची, दुबईतल्या बंगल्यांत पैसा अडकल्याची बातमी फुटली. काबूल बँकेच्या शाखांपुढे माणसांची झुंबड. फेब्रुवारीत भारतीय उतरायचे त्या गेस्ट हाउसांवर हल्ला झाल्यापासून आम्हाला चिलखती गाडीशिवाय हलायची मुभा नव्हती. त्या दिवशी ड्रायव्हरने गर्दी टाळायला भलताच लांबचा रस्ता घेतला.

मंत्रालयात टेबलं रिकामी. कारकून बँकेपुढे रांगेत उभे. मुदीर साहेब मात्र जागेवर, रोजा ठेवलेला, ओठ कोरडे, पुढ्यात पगाराच्या पेमेंट ऑर्डरींचा गठ्ठा. ईदेआधी पगार हातात पडायलाच हवा. मी नमुना म्हणून तपासायला निवडलेल्या फायली मागितल्या. त्यांनी त्या दिल्या नाहीत. गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

“हे शिक्षकांचे पैसे. सही केली की आज काबूल बँकेत जातील. रोख पाठवले तर तुम्ही आक्षेप काढाल. काय करू, सांगा.”

मी म्हणालो, विचारून सांगतो. कॉरिडॉरमध्ये जाऊन साहेबांना फोन लावला. तिथे भिंतीला टेकून दोन मोतमद बसलेले. बँकेतून पगार सुरू झाल्यावर ज्यांचा धंदा बसला होता, ते त्या सकाळी कोणी न बोलावता हजर होते. धंद्याचं नाक म्हणतात ते हे.

साहेब म्हणाले, “आपण तपासनीस, सल्लागार नाही. मत द्यायचं नाही. लेखी तर काहीच नाही.” करारानुसार त्यांचं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. सल्ला देणाऱ्याने त्याच व्यवहाराचं ऑडिट करू नये, हे आम्हाला आर्टिकलशिपपासून, म्हणजे सीएच्या उमेदवारीपासून, घोकायला लावलेलं असतं. तरी त्या दिवसापासून त्यांच्याबद्दलचा माझा आदर उतरला तो उतरलाच. एवढं तर विचारता आलं असतं, की तिथे नेमकं काय चाललंय.

मी आत येऊन सांगितलं की मला काही सांगता येणार नाही. मुदीर साहेब रागावले नाहीत. त्यांनी गठ्ठ्याचे दोन भाग केले. काबूल शहराचे कागद सही करून बँकेकडे. जिथून शाखा दिवसभराच्या रस्त्यावर होती, अशा दूरच्या जिल्ह्यांचे कागद रोखीसाठी बाजूला, आणि मोतमदांना आत हाक.

पुढचं जगजाहीर आहे. अमेरिकेने बँक वाचवायला पैसा देणार नाही असं सांगितलं, अफगाण मध्यवर्ती बँकेने राखीव पैसा ओतला आणि बँकेतून जाणारे पगार कसेबसे चालू राहिले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा नवा कर्ज-कार्यक्रम नोव्हेंबर २०११ पर्यंत लटकला. करझाईंनी दोष परदेशी सल्लागारांवर टाकला. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला: कर्जांपैकी ९२ टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे ८६ कोटी १० लाख डॉलर, १९ व्यक्ती आणि कंपन्यांसाठी गेले होते. मी तो अहवाल रात्रभर वाचला. अंगठ्याचा त्यात कुठे संबंधच नव्हता. सगळे कागद नीट टाइप केलेले.

त्या तिमाहीच्या नमुन्यात रोखीने वाटलेले जिल्हे माझ्याकडेच आले. पत्रकं खिडकीशी तिरपी धरली. शाई कुठे गडद, कुठे फिकी, ठसे वाकडेतिकडे. माणसं खरी होती. मोतमदांनी आपलं कापलं असणारच, पण ते कागदावर दिसत नाही. बँकेची सोय असताना रोख का, हा आक्षेप चेकलिस्टप्रमाणे मी काढला, कारण तो निघतच होता. वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे ऑडिटच्या आमच्या आतल्या नोंदींत, मात्र एक परिच्छेद जोडला: अमुक दिवशी मंत्रालयाने आमच्याकडे मार्गदर्शन मागितलं, आम्ही दिलं नाही. साहेबांचा शेरा आला, ‘कामाच्या कक्षेबाहेर, काढावे.’ मी काढला.

आक्षेपावर मंत्रालयाचा खुलासा आला. मुदीर साहेबांच्या सहीचा, दरी भाषेत, जेमतेम दोन ओळी: त्या दिवशी बँकेतून पैसे मिळतील याची खात्री द्यायला कोणी तयार नव्हतं. लेखापरीक्षकांनाही विचारून पाहिलं.

खुलाशातला एक शब्दही बदलायचा अधिकार आम्हाला नसतो. त्यामुळे साहेबांच्या सहीच्या अहवालात तो जसाच्या तसा गेला.