व्हान्की म्युझियम, सोल: तिकिटाची कटकट आणि बाकी सगळं (माझा अनुभव)

सोलला जाऊन किम व्हान्की या कोरियन चित्रकाराची चित्रं बघायची असतील तर आधीच सांगते, ऑनलाइन तिकिटाच्या नादी लागू नका.

मला कोणीतरी एक बुकिंग अ‍ॅप सुचवलं होतं. त्याला आधी नाव हवं होतं, तेही कोरियन लिपीत. ठीक आहे, ट्रान्सलेटरमधून कॉपी-पेस्ट केलं. पुढे मोबाईल नंबर, आणि तिथेच सगळं अडलं, कारण +९१ टाकायची सोयच नाही, ०१० ने सुरू होणाराच नंबर घेतो. एअरपोर्टवरून घेतलेलं ई-सिम फक्त डेटाचं, त्याला नंबरच नाही. हॉटेलच्या काउंटरवरचा मुलगा बिचारा म्हणाला माझा नंबर टाका, पण ओटीपी यायच्या आधी नाव आणि जन्मतारीख त्या नंबरच्या मालकाशी जुळावी लागते म्हणे! आपल्याकडे आधारला जुना नंबर लिंक असला की जे हाल होतात तसंच. हेल्पलाइनवर कोरियन रेकॉर्डिंग. अरे, एक चित्र बघायला माझी जन्मकुंडली कशाला पाहिजे? शेवटी वैतागून तशीच गेले, तर तिथे काउंटरवर कार्ड दिलं आणि लगेच तिकीट हातात. एवढा राग आला ना!

जायला सोपं आहे, ग्योंगबोकगुंग स्टेशनच्या ३ नंबर एक्झिटजवळून हिरवी ७२१२ बस, बुआम-डोंगला उतरा. उतरतानाही कार्ड टॅप करायचं हं.

व्हान्की १९७४ मध्ये न्यूयॉर्कला वारले, आणि त्यांच्या बायकोने, किम ह्यांग-आनने, १९९२ मध्ये हे म्युझियम उभं केलं. शेवटच्या वर्षांतली टिपक्यांची मोठी निळी चित्रं फोटोत नुसती निळी दिसतात, जवळ गेलं की कळतं की पातळ केलेला ऑइल रंग सुती कापडात शाईसारखा पसरलाय आणि प्रत्येक टिपक्याला भोवती चौकट आहे, एकेक करून काढलेली. मी तिथेच खिळले. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला होते तेव्हा हेही तिथेच होते, आणि गायतोंड्यांसाठी असं एक घर आपल्याकडे कधी होणार देव जाणे.

मी गेले तेव्हा आत फोटो काढू देत नव्हते. सोमवारी बंद असतं, आणि प्रदर्शन बदलताना मधेच बंद ठेवतात, तेवढं निघायच्या आधी बघून घ्या.