ईएसआयसीचे बेकारीचे पैसे मिळवताना: माझा अनुभव

नोकरी गेल्यावर ईएसआयसीकडून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून, पैसे मिळतात, हे आमच्या पॅकिंग लाइनवर कोणालाच ठाऊक नव्हतं. ईएसआयसी म्हणजे पगारातून दर महिन्याला कापले जाणारे 132 रुपये आणि त्या बदल्यात डिस्पेन्सरीतल्या गोळ्या, एवढाच आमचा हिशोब. बाळंतपणाचे पैसे मिळतात हे बायकांना माहीत असतं, कारण कोणीतरी आधी घेतलेले असतात. बेकारीचे पैसे घेतलेलं माणूस मात्र आमच्यात कोणी बघितलेलं नव्हतं.

मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टरकडून लागले होते. पॅकिंग आणि चेकिंग. नोव्हेंबर 2023 च्या शेवटी सुपरवायझरने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, ‘1 तारखेपासून बी लाइन बंद. पुढचं कळवेपर्यंत कोणी येऊ नये.’ पुढचं काही कळवलंच नाही. आमच्याकडे याला ‘ब्रेक दिला’ म्हणतात. नोटीस नाही, पत्र नाही, गेटवर कार्ड लागेनासं होतं एवढंच. बऱ्याच जणींनी रागाने तो ग्रुप सोडला. मी सोडला नाही, आणि तो मेसेज पुढे फार कामाला आला.

बीपीच्या गोळ्या आणायला डिस्पेन्सरीत गेले होते, तिथे भिंतीवर अर्धं सुटलेलं पोस्टर दिसलं: अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. रांग लांब होती म्हणून सगळं वाचून काढलं, नाहीतर कोण वाचतंय.

योजना अशी आहे. 1 जुलै 2018 पासून ती सुरू झाली, तेव्हा सरासरी रोजाच्या 25 टक्के मिळायचे. कोविडमध्ये, 24 मार्च 2020 पासून, ते 50 टक्के केले आणि अटीही सैल केल्या. तेव्हापासून नोकरी गेल्यावर 30 दिवसांनी अर्ज करता येतो, आणि तोही कामगाराने स्वतः, मालकाच्या हातापाया न पडता. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमा चालू हवा. शिवाय लगेच आधीच्या सहा महिन्यांच्या हप्ताकाळात 78 दिवस आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी कोणत्याही एकात 78 दिवस वर्गणी भरलेली हवी. हे हप्ताकाळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरतात. मिळतात जास्तीत जास्त 90 दिवसांचे पैसे, आणि तेही आयुष्यात एकदाच. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल, निवृत्त झाला असाल किंवा आपणहून सोडलं असेल, तर काही नाही.

पैसे किती, हे आधीच काढून ठेवलं. चार हप्ताकाळांची, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई घ्यायची, तिला 730 ने भागायचं आणि जे येईल त्याचं अर्धं. माझा पगार 17,500. दोन वर्षांचे झाले 4,20,000. भागिले 730 म्हणजे दिवसाला 575, त्याचे अर्धे 287 रुपये आणि काही पैसे. नव्वद दिवसांचे साधारण 25,900. मिस्टरांची रिक्षा आहे, म्हणून चूल बंद पडली नव्हती. पण मुलाच्या क्लासची फी आणि खोलीचं भाडं एकाच आठवड्यात येतं, त्यामुळे ही रक्कम आमच्यासाठी छोटी नव्हती.

जानेवारीत अर्ज भरला. ईएसआयसीच्या वेबसाइटवर आपला आयपी नंबर (विमा नंबर) टाकून आत जायचं, आधार आणि बँकेचे कागद चढवायचे. झेरॉक्सवाला म्हणाला, ‘ताई, स्टॅम्पपेपरवर अ‍ॅफिडेव्हिट लागेल, मी करून देतो.’ आधी लागायचं, हे खरं. पण नोव्हेंबर 2020 मध्येच ती अट काढलेली आहे. त्याच्या दुकानात मात्र ती अजून चालू आहे, आणि रोज कोणीतरी पैसे देऊन जात असणार.

मग वाट बघणं. अर्जाचा निकाल 15 दिवसांत लागायला हवा असं वाचलं होतं. शाखा कार्यालयात विचारायला गेलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’, नाहीतर ‘साहेब मीटिंगला गेलेत’. फेब्रुवारीच्या अखेरीस स्टेटस बदललं: नामंजूर. कारण काही लिहिलेलं नाही. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘तुम्ही स्वतः सोडलंय ना?’ मी म्हटलं, ‘मॅडम, मी कशाला सोडेन?’ त्या म्हणाल्या, ‘सिस्टीममध्ये तसंच आहे.’

इथे मी हट्टाने एक गोष्ट केली. तोंडी उत्तर घेऊन घरी आले नाही. तिथेच बाकावर बसून साध्या कागदावर अर्ज लिहिला: माझा दावा कोणत्या कारणाने नामंजूर झाला ते लेखी कळवावं. दोन प्रती. एक त्यांना, एकीवर आवक शिक्का मारून मागितला. शिक्का मारायला खळखळ झाली. ‘ठेवून जा, आम्ही बघतो’ असं दोनदा म्हणून झालं. मी हलले नाही, तेव्हा शिपायाने ड्रॉवरमधून शिक्का काढला, तारीख फिरवली आणि पेनाने नंबर टाकला. तो जांभळा गोल ठसा पडला तशी त्या कागदाची जातच बदलली. नंतर जिथे जिथे गेले, तिथे माझं बोलणं कोणी ऐकायच्या आधी तो नंबर लिहून घेतला.

लेखी उत्तर आलं एका ओळीचं: नियोक्त्याने ‘लेफ्ट सर्व्हिस’ नोंदवलेलं असल्याने दावा पात्र नाही.

कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस साकीनाक्याला एका गाळ्यात. अकाउंट्सला एक पोरगा आहे, स्वभावाने बरा. त्याने मला स्क्रीनच फिरवून दाखवली. दर महिन्याची वर्गणी भरताना ज्याचे दिवस शून्य असतील त्याच्यासमोर कारण निवडावं लागतं. यादी उघडते: ऑन लीव्ह, लेफ्ट सर्व्हिस, रिटायर्ड, आउट ऑफ कव्हरेज, एक्स्पायर्ड… खाली सरकत गेलं की स्ट्राइक-लॉकआउट, मग रिट्रेंचमेंट (म्हणजे मालकाने कामगार कमी करणं), मग नो वर्क. ‘मॅडम, मी सगळ्यांनाच दोन नंबर टाकतो,’ तो म्हणाला. दोन नंबर म्हणजे लेफ्ट सर्व्हिस. बी लाइनच्या सगळ्या बायका त्याने एका दमात ‘स्वतः सोडून गेलेल्या’ करून टाकल्या होत्या, आणि त्याला त्यात काही वाटलंही नव्हतं.

त्याच्या शेठला मात्र बरोबर कळत होतं. ‘रिट्रेंचमेंट लिहून दिलं की उद्या तुम्ही नुकसानभरपाई मागायला याल,’ असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि ते खरंच होतं. औद्योगिक विवाद कायदा, 1947 (नोव्हेंबर 2025 पर्यंत तोच लागू होता), कलम 25-एफ: वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागायचा. आम्हाला यातला रुपया दिला नव्हता. यादीतला दुसरा पर्याय दाबला की ते सगळं प्रकरणच उरत नाही. कारकुनाचा आळस आणि शेठचा फायदा असे एकाच ठिकाणी जुळलेले होते.

केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्राम्सवर, तक्रार टाकली. मेसेजचा स्क्रीनशॉट, पगाराच्या पावत्या, नामंजुरीचं उत्तर, सगळं जोडलं. काही आठवड्यांनी ‘नियोक्त्याच्या नोंदीनुसार कार्यवाही योग्य’ असं लिहून तक्रार बंद केली. बरेच लोक इथे सोडून देतात. पण तक्रार बंद झाल्यावर समाधान झालं का, असं विचारतात. तिथे ‘खराब’ निवडलं की अपील करायची सोय उघडते. त्यासाठी 30 दिवस असतात. अपील वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. मी अपिलात पुन्हा सगळी कहाणी सांगितली नाही. एवढंच विचारलं: एकाच दिवशी एकाच लाइनच्या सगळ्या बायकांनी स्वखुशीने नोकरी सोडली, हे कार्यालयाने कशावरून मानलं? आणि चौकशीसाठी कोणी कंपनीत गेलं होतं का?

त्याच सुमारास चाळीतल्या एका काकांनी, ते पूर्वी युनियनमध्ये होते, वेगळीच चावी हातात दिली. म्हणाले, ‘शेठच्या मागे काय लागतेस? मूळ कंपनीला लिही.’ कॉन्ट्रॅक्टरचं दर महिन्याचं बिल कंपनी काढते ते पीएफ आणि ईएसआयसीची चलनं जोडल्यावरच. कारण कायद्याने कॉन्ट्रॅक्टरच्या कामगारांच्या वर्गणीची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची असते. तिथे तक्रार गेली की बिल अडकायची भीती.

कंपनीच्या एचआरला स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं. भाषा साधी ठेवली. लाइन बंद झाली हे तुमच्याही रेकॉर्डला आहे, कॉन्ट्रॅक्टरने चुकीचं कारण नोंदवलंय, दुरुस्तीचं पत्र द्यायला सांगावं. आठवडाही झाला नसेल, त्या अकाउंट्सच्या पोराचाच फोन: ‘मॅडम, पत्र तयार आहे, येऊन घेऊन जा.’

गेले. पत्र खरंच तयार होतं. काम बंद झाल्याने कमी केलं, नोंद अनवधानाने चुकली वगैरे. पण त्याला जोडून दुसरा कागद होता, माझ्या सहीसाठी: ‘माझा सर्व हिशोब पूर्ण मिळाला असून माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही.’ मी तो कागद परत टेबलावर ठेवला. पोरगा आत जाऊन आला, मग पुन्हा आत गेला. शेवटी पहिलं पत्र एकटंच दिलं. भरपाईचा विषय मी काढला नाही, पण तो सोडल्याचं लिहूनही दिलं नाही. असा कागद पुढे केला तर घाई करू नका, इतकंच सांगेन. एकाच्या बदल्यात दुसरा, असा कुठलाही नियम नाही.

ते पत्र शाखेत दिलं, अर्थात शिक्का घेऊन, आणि अपिलालाही जोडलं. मे महिन्यात ईएसआयसीचा एक अधिकारी कॉन्ट्रॅक्टरकडे तपासणीला जाऊन आला असं कळलं. जूनमध्ये दावा मंजूर. नव्वद दिवस कधीच उलटून गेले होते, त्यामुळे पूर्ण काळाचे पैसे एकदम निघणार होते. एप्रिलपासून मला मरोळला दुसरीकडे काम लागलं होतं, तरी काही बिघडलं नाही, कारण दावा डिसेंबर ते फेब्रुवारीचा होता.

आणि मग पैसेच येईनात. शाखेत म्हणायचे, पेमेंट झालंय. बँकेत म्हणायचे, काही आलेलं नाही. पासबुक भरून घेतलं की शेवटची ओळ तीच, मिस्टरांनी भरलेला गॅसचा हप्ता. या दोन काउंटरांच्या मध्ये माणसाचा चेंडू होतो.

सुटका केली ती बँकेतल्या एका तरुण मुलीने. तिने विचारलं, ‘यूटीआर नंबर आहे का?’ प्रत्येक ऑनलाइन पेमेंटला तो नंबर असतो, त्यावरून पैसे कुठे पोचले की कुठून परत फिरले ते कळतं. शाखेत जाऊन ‘पैसे कधी येतील’ न विचारता ‘यूटीआर नंबर द्या’ म्हटलं. पाच मिनिटांत मिळाला. पैसे निघाले होते आणि परत गेले होते. माझी बँक काही वर्षांपूर्वी दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली, खाते नंबर तोच राहिला पण आयएफएससी कोड बदलला. ईएसआयसीच्या रेकॉर्डला कोड जुनाच, कॉन्ट्रॅक्टरने नाव घालताना भरलेला. मी अर्जासोबत नवं पासबुक जोडलं होतं, पण पेमेंट रेकॉर्डवरून निघालं. नव्या कोडचा रद्द केलेला चेक आणि अर्ज दिला. परत गेलेली रक्कम पुन्हा पाठवायला नव्याने मंजुरी लागते म्हणे, त्यात आणखी काही आठवडे गेले.

जुलैच्या अखेरीस मोबाइलवर मेसेज आला. माझ्या हिशोबापेक्षा रक्कम थोडी कमी होती. लगेच शाखेत धावले नाही, आधी वेबसाइटवर महिन्यागणिक वर्गणी काढून बघितली. मे 2022 मध्ये सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी बिनपगारी रजा घेतली होती, त्या महिन्याची कमाई निम्मी होती. भागायचं मात्र 730 नेच. रक्कम बरोबर होती.

लाइनवरच्या काहीजणींनी आता अर्ज केलेत. कॉन्ट्रॅक्टर एकदा पत्र देऊन बसलाय, त्यामुळे बाकीच्यांना तसंच पत्र द्यायला फार ओढाताण करावी लागली नाही. एकीचं अडलंय, आणि कारण वेगळंच आहे: मध्यंतरी कॉन्ट्रॅक्टर बदलला तेव्हा नव्याने तिचा दुसराच आयपी नंबर काढला, आणि जुनी वर्गणी जुन्या नंबरवर पडून आहे. नव्या नंबरावर बघितलं तर दोन वर्षं भरत नाहीत. दोन्ही नंबर एकत्र करून घ्यायचा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात दिला.