आधी बोट कोणतं ते सांगा

नाशिक, जानेवारीतली पहाट

गोदाकाठी गारठा वाढला की पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर ‘हात दुखतोय’ हे रोज कानावर येतं. एवढ्यावरून काही कळत नाही. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटाला येतात?

करंगळी आणि शेजारची अर्धी अनामिका असेल तर ती अल्नर नस, कोपर आपटलं की झिणझिणी आणते तीच. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मनगटात दाबली गेलेली मीडियन नस. मुंग्या नाहीत, पण पिस्तूल उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, तर बहुधा तिथली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, दुखावली आहे.

करंगळीच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. हाताच्या पाठीवरही करंगळीकडची कातडी बधिर असेल तर नस कोपरापाशी दाबली जाते. पाठ शाबूत आणि फक्त तळव्याकडून बधिरपणा असेल तर दाब मनगटाशी आहे, कारण पाठीकडची फांदी मनगटाच्या आधीच वेगळी झालेली असते. अशा वेळी आधी ग्रिप तपासावी. पाम रेस्ट, म्हणजे ग्रिपवरचा तळव्याखालचा सरकता आधार, खालून इतका वर घट्ट करतात की करंगळीखालची तळव्याची गादी चेपते, आणि नस तिथूनच आत शिरते. दहा शॉटची सिरीज झाली की तळवा बघावा. खोल वळ उमटला असेल तर स्क्रू सैल करून रेस्ट थोडा खाली घ्यावा. तळवा टेकला पाहिजे, आवळला जाता कामा नये. रेस्टचा आधार मनगटापर्यंत नेणं तर आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमातही बसत नाही.

एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, धक्का नगण्य. मूठ आवळून मिळत काहीच नाही. मॅचमध्ये ७५ मिनिटांत ६० शॉट. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्यावा. कोपर सरळ असावं, पण मागे ढकलून अडकवलेलं नको. दोन शॉटच्या मध्ये पिस्तूल टेबलावर ठेवून बोटं मोकळी करावीत.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पिस्तुलाला वजन लावून मिनिट-मिनिटभर केलेल्या होल्डिंगची, म्हणजे शॉट न मारता नुसतं रोखून धरण्याची. दुखत असताना वजन काढावं आणि २० सेकंदांचे पाचच होल्ड करावेत. मुंग्या आल्या की त्या दिवसापुरतं थांबावं. दुखण्यावरची गोळी घेऊन सराव तर नकोच, हात थांबायला सांगतोय तेच ऐकू येत नाही.

अर्धी दुखणी रेंजबाहेरची असतात. नाशिकरोडहून गंगापूर रोडपर्यंत थंडीत स्कूटर, हँडलवर टेकलेला तळवा. रात्री कोपर मुडपून मोबाइल. हातमोजे घालावेत, पोचल्यावर दहा मिनिटं हात गरम करावेत. झोपताना कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळला की ते फार वाकत नाही. कोपराखालचा पट्टा कंडरेच्या दुखण्याला चालतो. मुंग्या असतील तर तो बांधू नये, नसेवर आणखी दाब येतो.

कंडरेसाठी हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर ठेवून एक किलोचं डंबेल त्याच हातात धरावं, ते दुसऱ्या हाताने वर न्यावं आणि चार सेकंद घेत खाली सोडावं. असं १५ वेळा, तीन फेऱ्या.

अल्नर नसेमुळे ताकद कमी झाली आहे का ते पाहायला अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरून दुसऱ्याला ओढायला सांगावं. तो निसटू नये म्हणून अंगठ्याचं टोक वाकत असेल किंवा त्या दोघांमधला मांसल भाग खोलगट दिसत असेल, तर हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जावं. नसेची वहन तपासणी (नर्व्ह कंडक्शन टेस्ट), साखर, बी-१२, थायरॉइड आणि मान, हे सगळं एकाच वेळी बघून घ्यावं.