कापरेकर ६१७४: दहा हजारांवरून ५४ वर

सुटलं एकदाचं! कापरेकरांचं म्हणणं असं: सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, उतरत्या अंकांच्या संख्येतून चढत्या अंकांची वजा करा, हेच परत परत करा, शेवटी ६१७४ येतोच. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की याचं विधान तयार आहे, आता लीनमध्ये (गणिती सिद्धता तपासणारी संगणक-भाषा) डिसाइड (एकेक शक्यता तपासून निकाल देणारी आज्ञा) लावलं की संपलं. त्यानंतरचे तीन आठवडे लीनच्या रिकर्शनच्या मर्यादेवर (हिशेब किती खोल जाऊ द्यायचा याची अट) डोकं आपटण्यात गेले. शेवटी नेटिव्ह-डिसाइड (तीच तपासणी, पण कंपायलरकडून यंत्राच्या भाषेत आणून वेगानं चालवलेली) लावलं, तर ते म्हणालं, विधानच खोटं आहे.

पोटात गोळा आला. देवळालीच्या कापरेकर गुरुजींचं ६१७४ खोटं कसं असेल?

चूक सापडली २१११ मध्ये. २१११ − १११२ = ९९९. कापरेकरांच्या रीतीत हे ०९९९ असतं, मग ९९९० − ०९९९, असं पुढे जातं. मॅथलिब या लीनच्या गणित-ग्रंथालयातलं डिजिट्स (संख्येचे अंक सुटे करणारं फंक्शन) सुरुवातीचं शून्य ठेवत नाही. ९९९ मधून ९९९ गेले, हाती शून्य! कागदावर हे कधी लिहावंच लागलं नव्हतं.

अंकांची चौकडी ठेवल्यावर नेटिव्ह-डिसाइड पास झालं. पण त्यात कंपायलरवर विश्वास टाकावा लागतो. मॅथलिब ते घेत नाही आणि मला ते पटतं. मग कागद घेतला. उतरते अंक क, ख, ग, घ धरले तर वजाबाकी ९९९(क−घ) + ९०(ख−ग). म्हणजे दोनच फरक महत्त्वाचे! सगळे अंक सारखे असलेल्या संख्या वगळल्या की उरतात फक्त ५४ जोड्या. सूत्र ओमेगानं (पूर्णांकांची साधी समीकरणं आपोआप सोडवणारी लीनची आज्ञा) एका ओळीत सोडवलं (नैसर्गिक संख्यांच्या वजाबाकीला त्याच्यासारखं हत्यार नाही), जोड्या साध्या डिसाइडनं. जास्तीत जास्त सात पायऱ्या, हेही सिद्ध.

आता पाच अंकी संख्यांची चक्रं (तिथे एका संख्येवर न थांबता त्याच काही संख्या फिरून येतात) घेणार होतो. पण हे लिहितानाच दिसलं की तिथे सूत्रात ९९९ आणि ९० च्या जागी ९९९९ आणि ९९० येतात, जोड्या त्याच ५४. यंत्राला जमेल म्हणूनच मी तो प्रश्न निवडला होता, आणि हे मला खटकतंय. गणितज्ञ टेरेन्स टाओ यांच्या २०२४ च्या प्रकल्पात ४,६९४ समीकरणांमधली २,२०,२८,९४२ अनुमानं (एका समीकरणावरून दुसरं निघतं का) तपासायला घेतली. तिथे हा प्रचंड आवाकाच प्रश्नाचा गाभा होता. बहुतेक अनुमानं यंत्रानं झटकन निकालात काढली आणि माणसांचा वेळ उरलेल्या चिवट अनुमानांकडे वळला. माझ्या पाच अंकांत तसं चिवट काही उरतच नाही.

म्हणून बेत बदलला. तीन अंकी संख्या, पण पाया (संख्या लिहायला एकूण किती अंक वापरायचे ते; नेहमीचा दहा) कोणताही सम. दहाच्या पायात ४९५ येतो, चारच्या पायात १३२ (हातानं तपासलं). पाये अनंत, तिथे डिसाइड चालणार नाही. फरक मात्र एकच उरतो. आज रात्री त्याचंच लेमा (मोठ्या सिद्धतेतलं छोटं सहायक प्रमेय) लिहायला बसतोय.